ईकॉग: थेट मेंदूवरून घेतलेल्या विद्युत नोंदीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"मेंदूवर ग्रिड ठेवून बघावं लागेल," असं डॉक्टरांनी सांगितलं की पहिले एक-दोन दिवस घरात कुणाला काही सुचत नाही. मग प्रश्न सुरू होतात. रुग्ण आणि नातेवाईक हमखास विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत, आणि निव्वळ कुतूहलापोटी विचारले जाणारेही काही घेतले आहेत.

ईकॉग म्हणजे नेमकं काय?

पूर्ण नाव इलेक्ट्रोकॉर्टिकोग्राफी. कवटी उघडून मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड ठेवायचे आणि तिथली विद्युत हालचाल नोंदवायची, एवढाच त्याचा अर्थ. इलेक्ट्रोड म्हणजे प्लॅटिनमच्या किंवा स्टीलच्या छोट्या चकत्या. सिलिकॉनच्या मऊ, पातळ, पारदर्शक पट्टीत त्या बसवलेल्या असतात. एका रांगेत चार, सहा किंवा आठ चकत्या असल्या तर तिला स्ट्रिप म्हणतात. आठ गुणिले आठ अशा चौसष्ट असल्या तर ती ग्रिड. नेहमीच्या ग्रिडमध्ये दोन चकत्यांच्या केंद्रांत १० मिलिमीटर अंतर असतं. ग्रिडसाठी कवटीचा मोठा तुकडा तात्पुरता काढावा लागतो, स्ट्रिप मात्र लहान भोकातूनही आत सरकवता येते.

हे इलेक्ट्रोड मेंदूत टोचत नाहीत. ड्युरा नावाचं मेंदूवरचं जाड आवरण असतं, त्याच्या आत मेंदूवर ते नुसते टेकलेले असतात.

डोक्यावर इलेक्ट्रोड लावून होणारा साधा ईईजी तर झालाय. तोही मेंदूचीच वीज मोजतो ना?

हो, वीज तीच. पण डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचेतो ती मेंदूभोवतीचं पाणी, आवरणं, कवटी आणि कातडी एवढं सगळं ओलांडून येते. त्यात कवटी विजेची फार वाईट वाहक. संकेत नुसता क्षीण होत नाही, तो फिसकटतो, पसरतो. शेजारच्या घरातलं भांडण भिंतीआडून ऐकावं तसं होतं: आवाज चढलाय हे कळतं, कोण कुणाला काय म्हणालं ते कळत नाही.

आकड्यांत सांगायचं तर डोक्यावरून मिळणारा संकेत साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा असतो. मेंदूवर तो शेकडो मायक्रोव्होल्टपर्यंत जातो, कधी त्याहून वर. डोक्यावरच्या ईईजीत एखादा स्पाइक, म्हणजे अपस्माराची खूण असलेला टोकदार उंचवटा, दिसायचा असेल, तर निदान ६ ते १० चौरस सेंटिमीटर मेंदू एकाच वेळी पेटलेला असावा लागतो. त्याहून लहान जागेतली गडबड बाहेर उमटतच नाही. म्हणूनच "ईईजी नॉर्मल आहे, तरी फिट येतात" ही तक्रार खरी असू शकते.

वेगवान लहरींचंही तसंच. सेकंदाला ७० ते १५० वेळा हेलकावणारी हालचाल, जिला हाय गॅमा म्हणतात, ती डोक्यावरून जवळजवळ हाती लागत नाही. शिवाय कपाळाच्या आणि जबड्याच्या स्नायूंची वीज त्याच पट्ट्यात येऊन गोंधळ घालते. मेंदूवर थेट ठेवलेल्या इलेक्ट्रोडला या गोंधळाचा त्रास फारच कमी.

म्हणजे ईकॉग ईईजीपेक्षा सरस?

असं सरसकट म्हणता येत नाही. ईईजी धूसर असला तरी दोन्ही बाजूंचा मेंदू एकदम बघतो. ईकॉगला स्वच्छ दिसतं, पण फक्त चकत्यांच्या खाली. ग्रिडच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर काय चाललंय याचा तिला पत्ता नसतो. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ याच मर्यादेत आहे, म्हणून ती आताच सांगून ठेवली.

ही वीज येते कुठून?

कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, पिरॅमिडच्या आकाराच्या चेतापेशी एकमेकींना समांतर उभ्या असतात. दुसऱ्या पेशींकडून निरोप आले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. एका पेशीचा दाब नगण्य असतो. हजारो पेशी एका दिशेला तोंड करून एकाच वेळी तसं करतात, तेव्हा त्यांची बेरीज पृष्ठभागावर मोजता येते. ईकॉगमधली रेघ ही त्या गर्दीची बेरीज असते.

एक अडचण मात्र राहते. मेंदूला घड्या असतात आणि कॉर्टेक्सचा सुमारे दोन तृतीयांश भाग त्या घड्यांच्या आत दडलेला असतो. पृष्ठभागावरची ग्रिड बघते ती मुख्यतः घड्यांचे माथे.

ही तपासणी कुणाला लागते?

मुख्यतः औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या रुग्णांना. नीट निवडलेली दोन औषधं योग्य मात्रेत घेऊनही फिट थांबल्या नाहीत, तर अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१०च्या व्याख्येनुसार तो औषधांना न जुमानणारा अपस्मार. अपस्मार असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक या गटात येतात. त्यांच्यातल्या काहींच्या फिट मेंदूच्या एकाच ठिकाणाहून सुरू होतात, आणि तेवढा भाग काढला तर त्या थांबू शकतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, ८० रुग्णांच्या एका गाजलेल्या चाचणीत टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानाजवळच्या मेंदूच्या भागाच्या, शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्या गटातले ५८ टक्के रुग्ण वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते. नुसत्या औषधांवर ठेवलेल्या गटात हे प्रमाण ८ टक्के होतं.

पण शस्त्रक्रिया होणाऱ्या प्रत्येकाला ईकॉग लागत नाही. एमआरआयमध्ये दोष स्पष्ट दिसतोय, व्हिडिओ ईईजीत (कॅमेरा चालू ठेवून घेतलेल्या ईईजीत) फिट तिथूनच सुरू होते आहे आणि फिटची लक्षणंही त्याच जागेशी जुळतात, असं असेल तर कवटीत इलेक्ट्रोड ठेवायची गरज सहसा उरत नाही. पुरावे एकमेकांशी भांडतात किंवा संशयित जागा बोलण्याच्या, हाताच्या भागाला खेटून असते, तेव्हा ईकॉगचा विचार होतो. मेंदूतली गाठ काढतानाही काही वेळा वापरतात.

ग्रिड नक्की कुठे ठेवायची, हे कसं ठरवतात? उघडल्यावर दिसतं का?

उघडल्यावर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. फिट सुरू करणारा मेंदू डोळ्यांना शेजारच्या मेंदूसारखाच दिसू शकतो. जागा आधीच ठरलेली असावी लागते, आणि सगळ्या प्रकरणातलं खरं डोक्याचं काम हेच आहे.

सुरुवात फिटच्या वर्णनापासून होते. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं की आधी डोळ्यांपुढे रंगीत ठिपके येतात? मान कुठे वळते? कोणता हात आखडतो? शुद्धीवर आल्यावर लगेच बोलता येतं का? घरच्यांना हे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात तेव्हा ते वैतागतात, ते साहजिक आहे. पण या उत्तरांतूनच नकाशा तयार होतो. मोबाइलवर काढलेला एखादा हलता, अंधारा व्हिडिओसुद्धा इथे मोलाचा ठरतो. मग व्हिडिओ ईईजी, एमआरआय, गरजेप्रमाणे पेट, स्पेक्ट, एमईजी या मेंदूच्या आणखी तपासण्या. त्या सगळ्यांवरून एक अंदाज बांधला जातो आणि तो तपासायला ग्रिड ठेवतात.

अंदाज चुकला तर? ईकॉग स्वतःहून "मी चुकीच्या जागी आहे" असं सांगत नाही. त्याच्या खुणा ओळखाव्या लागतात. फिटमधला पहिला विद्युत बदल ग्रिडच्या अगदी कडेच्या चकतीवर उमटला, तर फिट बहुधा बाहेरून आत शिरली आहे. रुग्णाचा हात आधी आखडला आणि आलेखात बदल नंतर दिसला, तर उगम दुसरीकडेच आहे. आणि पहिल्या क्षणालाच सगळ्या चकत्यांवर एकदम बदल दिसला, तर आपण पाहतोय ती लाट आहे, दगड पडला ती जागा नव्हे. अशा वेळी "ग्रिडवर उगम दिसला" असं घाईने लिहिणाऱ्या अहवालापेक्षा "उगम ग्रिडखाली नाही" असं स्पष्ट लिहिणारा अहवाल मला जास्त विश्वासाचा वाटतो.

ऑपरेशनच्या वेळीच नोंद घेऊन काम भागत नाही का?

कधीकधी भागतं. ऑपरेशन चालू असताना काही मिनिटं नोंद घ्यायची, दोष असलेल्या भागाभोवती स्पाइक कुठवर आहेत ते बघायचं, भाग काढायचा, पुन्हा बघायचं. फोकल कॉर्टिकल डिस्प्लेझिया नावाच्या जन्मजात दोषात मेंदूचा तेवढा तुकडा जवळजवळ सतत स्पाइक सोडत असतो. तिथे ही पद्धत उपयोगी पडते.

पण त्या काही मिनिटांत खरी फिट सहसा पकडली जात नाही, दिसतात ते दोन फिटमधले स्पाइक. त्यात भुलीची औषधं आलेख बदलतात. काही औषधं स्पाइक दाबतात, काही उलट वाढवतात. त्यामुळे भूलतज्ज्ञ आणि नोंद वाचणारा यांचं आपसात बोलणं चालू असावं लागतं.

नेदरलँड्समध्ये झालेली आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी इथे सांगण्याजोगी आहे. अतिवेगवान लहरी, ज्यांना एचएफओ म्हणतात, त्या स्पाइकपेक्षा अचूक खूण ठरतील अशी अनेकांना आशा होती. म्हणून काही रुग्णांत एचएफओ बघून आणि काहींत स्पाइक बघून किती काढायचं ते ठरवलं. एचएफओची पद्धत स्पाइकपेक्षा कमी प्रतीची नाही, एवढंही त्या चाचणीत सिद्ध करता आलं नाही. जुनी खूण अजून टिकून आहे.

मग वॉर्डात किती दिवस राहावं लागतं?

साधारण काही दिवस ते दोन आठवडे. पुरेशा फिट नोंदल्या जाईपर्यंत. ग्रिडच्या तारा डोक्यावरच्या जाड पट्टीतून बाहेर येऊन यंत्राला जोडलेल्या असतात, समोर कॅमेरा चोवीस तास चालू असतो. रुग्ण खातो, बोलतो, वाचतो, मोबाइल बघतो. तारेच्या लांबीएवढंच त्याचं जग. कंटाळा हा या दिवसांतला मोठा त्रास असतो आणि त्याची तयारी कुणी करून येत नाही.

औषधं कमी करून मुद्दाम फिट आणतात, हे खरं आहे?

खरं आहे. फिट आलीच नाही तर ती कुठून सुरू होते हे कळणार कसं? म्हणून औषधं हळूहळू कमी करतात. यात लागोपाठ फिट येण्याचा धोका आहेच, म्हणून हे फक्त देखरेखीखाली करतात आणि फिट थांबवण्याचं औषध हाताशी तयार ठेवतात. घरी स्वतःच्या मनाने असं करणं जिवावर बेतू शकतं.

दुखतं का?

मेंदूला वेदना कळत नाही. कातडीला, स्नायूंना आणि ड्युराला कळते. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस डोकं ठणकतं, मळमळतं, चेहऱ्यावर आणि डोळ्याभोवती सूज येते. सुजलेला चेहरा बघून नातेवाईक घाबरतात. ती सूज बहुतेकदा उतरते.

मेंदूला शॉक देऊन तपासतात म्हणे?

शॉक हा शब्द घाबरवणारा आहे. त्याला उद्दीपन म्हणू या. ग्रिडच्या दोन चकत्यांमधून काही सेकंद अगदी सौम्य प्रवाह सोडतात. नेहमीची पद्धत सेकंदाला ५० स्पंदांची, १ मिलिअँपिअरच्या आसपास सुरू करून पायरीपायरीने वाढवत नेण्याची. त्या वेळी रुग्णाला चित्रं दाखवून नावं विचारतात, आकडे म्हणायला लावतात, हात हलवायला सांगतात. मोजता मोजता तो मध्येच अडखळला आणि प्रवाह बंद करताच पुन्हा बोलू लागला, तर त्या दोन चकत्यांखालची जागा बोलण्यासाठी लागते. तिथे शक्यतो सुरी लावायची नाही.

यात बारकावा असा की उद्दीपनाने कधी स्थानिक विद्युत हालचाल उसळते आणि प्रवाह थांबल्यावरही चालू राहते. रुग्ण तेव्हा अडखळला तर दोष त्या जागेचा की पसरलेल्या हालचालीचा, सांगता येत नाही. म्हणून उद्दीपन चालू असताना कुणीतरी आलेखावर डोळा ठेवून असावंच लागतं. हेच काम जागेपणी चालणाऱ्या ऑपरेशनमध्ये केलं आणि त्यातून फिट सुरू झाली, तर मेंदूच्या पृष्ठभागावर थंडगार सलाइन ओततात. उपाय घरगुती वाटतो, पण खरोखर चालतो.

आलेखात नेमकं काय शोधतात?

फिटच्या आरंभी अनेकदा रेघ मोठी होण्याऐवजी बारीक होते: कमी उंचीची, अतिशय वेगवान थरथर. नवख्याला तिथे काहीच घडत नसल्यासारखं वाटतं. अनुभवी नजर नेमकी तिथे थांबते. पुढची उंच, थैमान घालणारी रेघ दिसायला भयंकर असते, पण तोवर फिट पसरलेली असते.

फिट नसतानाचे स्पाइक मोठ्या परिसरात विखुरलेले असू शकतात, उगमाची जागा सहसा त्याहून लहान. जिथे स्पाइक दिसेल तिथला मेंदू काढायचा, असा हिशेब नसतो.

धोके कोणते?

कवटी उघडण्याचे सगळे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मेंदूभोवतालचं पाणी गळणं, सूज येऊन दाब वाढणं. ग्रिडबद्दलच्या प्रसिद्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा कवटीच्या आत रक्तस्राव सुमारे ४ टक्के आणि मेंदू-आवरणांचा संसर्ग २ ते ३ टक्के रुग्णांत आढळला. चकत्यांची संख्या आणि दिवस वाढले की धोका वाढतो. नुकसान बहुतेकांत कायमचं नसतं, पण क्वचित असतं, आणि मृत्यूही नोंदलेले आहेत. संमतिपत्रावर सही करण्याआधी "तुमच्या टीमने वर्षभरात अशा किती केसेस केल्या?" हे विचारायला संकोच करू नका.

मग डॉक्टर एसईईजी सुचवतात ते काय?

त्यात ग्रिड नाही, बारीक सुईसारखे इलेक्ट्रोड कवटीच्या छोट्या छिद्रांतून मेंदूच्या आत खोलवर नेतात. ही पद्धत पॅरिसमध्ये तालेराक आणि बांको यांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी उभी केली. घड्यांचे तळ, हिप्पोकॅम्पस (मेंदूच्या आत खोलवर असलेला, स्मरणाशी संबंधित भाग), दोन्ही बाजू एकाच वेळी तपासता येतात, कवटी मोठी उघडावी लागत नाही, गुंतागुंतही कमी होते. त्यामुळे गेल्या काही वर्षांत अनेक केंद्रांचा कल तिकडे गेला आहे. पृष्ठभागावरचा सलग नकाशा हवा असेल, विशेषतः भाषेच्या जागेला लागून, तर ग्रिड अजून उपयोगाची. निवड फॅशनवर नाही, कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवंय त्यावर व्हावी.

याची सुरुवात कुणी केली?

गंमत अशी की मेंदूवरची नोंद डोक्यावरच्या नोंदीपेक्षा जुनी आहे. लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये ससे आणि माकडांच्या उघड्या मेंदूवरून विद्युतप्रवाह नोंदवल्याचं जाहीर केलं. हाताशी होता आरशाचा गॅल्व्हनोमीटर, म्हणजे सूक्ष्म प्रवाह मोजणारं उपकरण. हान्स बर्गर यांनी जर्मनीतल्या येना शहरात माणसाची पहिली नोंद १९२४ मध्ये घेतली आणि १९२९ मध्ये छापली. त्यांच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत कवटीत शस्त्रक्रियेने छिद्र राहिलेले रुग्ण होते, म्हणजे तेही हाडाला वळसा घालूनच मेंदूकडे गेले. पुढे मॉन्ट्रियलमध्ये शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड आणि विद्युतनोंदीचे जाणकार हर्बर्ट जॅस्पर यांनी जागेपणीची शस्त्रक्रिया, उद्दीपन आणि ईकॉग यांची सांगड घालून ती अपस्माराच्या उपचारात रुजवली.

यातून मनातले विचार वाचता येतात का?

नाही. स्नायूंना दिले जाणारे आदेश मात्र बऱ्यापैकी ओळखता येतात, आणि ज्यांचं शरीर तो आदेश पाळत नाही त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस इथे, अपस्मारासाठी ग्रिड बसवलेल्या रुग्णांनी केवळ हालचालीची कल्पना करून पडद्यावरचा कर्सर हलवला. २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्त इथल्या चमूने एएलएसमुळे (स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणाऱ्या चेतापेशींच्या आजारामुळे) हालचाल गमावलेल्या एका महिलेत संपूर्ण यंत्रणा शरीराच्या आत बसवल्याचं जाहीर केलं. हात हलवायचा प्रयत्न मनात करून ती घरी अक्षरं निवडत होती. वेग मिनिटाला दोन अक्षरांचा. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या एडवर्ड चँग यांच्या गटाने ५० शब्दांच्या संग्रहातून मिनिटाला सुमारे १५ शब्द गाठले. २०२३ मध्ये २५३ इलेक्ट्रोडच्या ग्रिडने तो आकडा ७८ वर नेला.

या सगळ्यांत माणूस बोलायचा किंवा हात हलवायचा प्रयत्न जाणूनबुजून करत होता. कुणाच्या नकळत कुणाच्या मनातलं काढून घेण्याशी त्याचा संबंध नाही.

अपस्माराव्यतिरिक्त वैद्यकात उपयोग?

आहे. डोक्याला गंभीर मार बसलेल्या किंवा मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांत ऑपरेशनच्या वेळीच एक स्ट्रिप ठेवून देतात. तिच्यावर एक विलक्षण गोष्ट दिसते: मेंदूची विद्युत हालचाल एका जागी विझते आणि ते विझणं मिनिटाला दोन ते पाच मिलिमीटर अशा मुंगीच्या चालीने पुढे सरकतं. सशांच्या मेंदूत हे आरिस्तिदिस लियाओ या ब्राझीलच्या संशोधकाने १९४४ मध्येच वर्णन केलं होतं. जखमी मेंदूत अशा लाटा वारंवार येणं हे चांगलं लक्षण नाही.

एवढं सगळं करून "ऑपरेशन करता येणार नाही" असं निघालं तर?

असं घडतं. उगम दोन्ही बाजूंना निघतो, किंवा नेमका बोलण्याच्या जागेवर निघतो, किंवा सापडतच नाही. घरच्यांना ते फसवणुकीसारखं वाटतं, आणि त्या क्षणी त्यांची समजूत घालायला कुणी आकडेवारी सांगू नये. मात्र हात टेकायचेच असंही नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २०१३ मध्ये मान्यता मिळालेलं एक उपकरण कवटीच्या हाडात बसवतात. त्याचे इलेक्ट्रोड फिटच्या एक किंवा दोन उगमांवर कायमचे राहतात, आलेख सतत तपासतात आणि गडबडीची चाहूल लागताच तिथे छोटा प्रवाह सोडतात. ते कुठे बसवायचं, हे त्या कंटाळवाण्या दोन आठवड्यांच्या नोंदीवरूनच ठरतं.